आजीची साडी पेटीतून काढली की आधी धुवू नका

दसरा जवळ आला की मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. आईची, आजीची, सासूबाईंची साडी इतकी वर्षं पेटीत धड होती आणि बाहेर काढल्यावर आठवड्याभरात फाटली. नेमकं काय काय केलं ते विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. पेटीतून काढली, झटकली, डांबरगोळ्यांचा वास जाईना म्हणून गच्चीत उन्हात टाकली, ड्रायक्लीनला दिली, रोलिंग करून आणली, फॉल-बिडिंग करून घेतलं. मग नेसायला घेतली आणि निऱ्या घालता घालता घडीच्या रेषेवर उभी चिरली.

साडी घडीवर विरलेली आहे हे पहिल्या दिवशी उजेडात धरून पाहिलं असतं तर दिसलं असतं. पण पाहणी सगळ्यात शेवटी झाली, तीही नेसताना. म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे. पैठणी, नारायणपेठी, इरकली, महेश्वरी, साधी सुती नऊवारी लुगडी, कुठल्याही जुन्या साडीला हाच क्रम लागू पडतो. साडी कुठली यावर फक्त धुण्याची आणि दुरुस्तीची पद्धत बदलते.

हाताशी 3 आठवडे ठेवा. लग्न 4 दिवसांवर आलेलं असताना आजीची पैठणी पेटीतून काढू नका. त्या लग्नात दुसरं काही नेसा.

तयारी: साडीला हात लावण्याआधी

धुतलेली पांढरी सुती चादर किंवा जुनं धोतर, टॉर्च, भिंग असेल तर भिंग, पांढऱ्या सुती चिंध्या, बारीक सुई आणि साडीच्या रंगाहून वेगळ्या रंगाचा सुती दोरा एवढं जवळ घ्या. दोरा खुणेसाठी लागतो. जिथे भोक किंवा चीर सापडेल तिच्याजवळ, पण धडधाकट कापडावर, एक सैल टाका घालायचा. टाचणी नको, कारण ती विसरली जाते, गंजते आणि तिचा डाग निघत नाही. खडू आणि पेनही नको.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि क्रीम लावू नका. अंगठ्या, बांगड्या, पाटल्या काढून ठेवा. सर्वांत जास्त जरी बांगडीच्या फासात अडकून ओढली जाते. जागा म्हणजे पलंग. 9 वार म्हणजे सव्वाआठ मीटर, तेवढी साडी एकदम पसरता येत नाही. एका बाजूने उलगडत, दुसऱ्या बाजूने सैल गुंडाळत पुढे जायचं.

टप्पा 1: पेटीतून काढणं आणि उलगडणं

साडी पदराला धरून उचलू नका. दोन्ही हात खाली घालून, मूल उचलतो तशी उचला. जरीचा पदर जड असतो आणि खालचं रेशीम जुनं असतं, त्यामुळे एका टोकाला धरली की सगळं वजन त्या दोन चिमटींवर येतं.

चादरीवर ठेवून एकेक घडी हाताने उघडा. साडी झटकून उघडायची आपल्याला सवय आहे, ती इथे मोडायला हवी. जुनं रेशीम घडीवर आधीच कडक झालेलं असतं आणि एका झटक्यात ते तिथून तुटतं. घडी चिकटलेली वाटली तर ओढू नका, ती बाजू तशीच 2 दिवस हवेवर राहू द्या. बहुतेक घड्या त्यानंतर आपोआप सुटतात.

उलगडताना बारीक करकर ऐकू आली किंवा चादरीवर रंगीत भुकटी, तुटके धागे पडले तर तिथेच थांबा. ही साडी नेसायची नाही, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. तिचं काय करायचं ते टप्पा 9 मध्ये आहे.

टप्पा 2: वारा देणं

सावलीत, पंख्याखाली, 3-4 दिवस. पलंगावर पसरून दिवसातून एकदा बाजू बदलली तरी पुरतं. दोरीवर टाकू नका, कारण दोरी एकाच रेषेवर काचते. कपडे वाळवायचा स्टँड असेल तर त्याच्या सगळ्या दांड्यांवर चादर पसरा आणि तिच्यावर साडी.

उन्हात का नको? सुती गोधडीला ऊन दाखवतो तसं रेशमाला दाखवून चालत नाही. उन्हाने रेशमाचा धागा ठिसूळ होतो आणि रंग उडतो. पावसाळ्यानंतर कपड्यांना ऊन द्यायची आपली पद्धत सुती कपड्यांसाठी उत्तम आहे, पण पेटीतल्या रेशमाला ती नको.

डांबरगोळ्यांचा वास वाऱ्यानेच जातो. वर अत्तर किंवा सुगंधी फवारा मारला तर वास जात नाही आणि डाग मात्र पडतो.

*सावधान:* बारशाला आजीचं लुगडं पाळण्यात घालायची किंवा बाळाला त्यात गुंडाळायची हौस अनेक घरांत असते. डांबरगोळ्यांत ठेवलेलं कापड तान्ह्या बाळाजवळ नेऊ नका. ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी या वाफांनी फुटू शकतात, आणि घरात ही कमतरता आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं. ते लुगडं आधी बरेच दिवस हवेवर ठेवून धुवायला हवं. धुण्याजोगं नसेल तर पाळण्याशेजारच्या फोटोपुरतंही नको.

पांढरट, मऊ बुरशी दिसली तर साडी बाल्कनीत न्या, तोंडाला मास्क लावा, मऊ कोरड्या ब्रशने एकाच दिशेने अलगद झाडा आणि ही साडी बाकीच्यांत मिसळू देऊ नका. ओल्या फडक्याने बुरशी पुसली तर ती धाग्यात आत जाते.

कसर लागलेली असेल, म्हणजे बारीक गोल भोकं, वाळूसारखा चुरा, कोषाच्या पांढऱ्या नळ्या दिसत असतील, तर साडी आधी धोतरात, मग घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत घाला आणि घरच्या फ्रीझरमध्ये, जो साधारण उणे 18 अंशांवर चालतो, 2 आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर हवेतली ओल थंड कापडावर जमते. परदेशात राहणाऱ्यांनी हा उपाय विशेष लक्षात ठेवावा. लोकरीच्या कपड्यांच्या कपाटात ठेवलेल्या रेशमी साडीवर लोकरीचीच कसर येते, कारण तिच्या अळीला दोन्ही सारखेच चालतात.

टप्पा 3: पाहणी

हा टप्पा सगळ्यात मोठा आहे आणि सगळेजण हाच गाळतात. एका साडीला एक तास द्या.

*उजेडात धरून.* खिडकीसमोर, दोन्ही तळहातांवर आधार देऊन, हातभर हातभर पुढे सरका. कापड एकसारखं दिसायला हवं. घडीच्या रेषांवर उजेडाची उभी ओळ दिसली तर तिथे धागे विरले आहेत. विशेष लक्ष 4 ठिकाणी द्या: पदर आणि अंग यांचा सांधा, काठ आणि अंग यांचा सांधा, नऊवारी असेल तर कासोट्याचा आणि बसण्याचा भाग, आणि जिथे वर्षानुवर्षं खांद्यावर पदर आला तो पट्टा. काठाजवळच्या घडीवर रेशीम आधी तुटतं, कारण जरीची धातूची पट्टी घडीत दुमडली की शेजारच्या मऊ धाग्याला कापत राहते.

*ताणून.* आतल्या टोकाजवळ, जे नेसल्यावर दिसत नाही, दोन अंगठे 2 इंचांवर ठेवून अलगद ताण द्या, आधी उभा आणि मग आडवा. धागे सरकून जाळी पडली तर दुरुस्ती करता येते. कागदासारखं फाटलं तर नेसणं शक्य नाही. ही परीक्षा पदरावर करू नका.

*धागा ओळखून.* आतल्या टोकाचा सुटा धागा काढून चिमट्यात धरून जाळा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं, ज्योत दूर केली की विझतं आणि काळी राख बोटात चुरते. सूत कागदासारखं जळतं आणि राखाडी मऊ राख राहते. रेयॉनसुद्धा कागदासारखंच जळतं. नायलॉन किंवा पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पदरातला धागा वेगळा जाळून पाहा. जुन्या इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर वेगळ्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा), रेशमाचा किंवा आर्ट सिल्कचा असतो. आर्ट सिल्क म्हणजे रेयॉन.

याला एवढं महत्त्व का, तर सूत ओलं झालं की उलट बळकट होतं, रेशीम ओलं झालं की कमकुवत होतं आणि रेयॉन त्याहून कितीतरी जास्त. एकाच इरकलीला पाण्यात घातल्यावर अंग मजबूत आणि पदर लेचापेचा अशी अवस्था होते. धुऊन पिळताना पदर सांध्यावर फाटतो तो यामुळे.

*जरी.* काळपट पडली म्हणून जरी खोटी ठरत नाही. जुन्या खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची पट्टी आणि तिच्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो. काळी पडते ती चांदी, आपल्या देवघरातल्या निरांजनासारखी. तांब्यावरची जरी तांबूस-हिरवट पडते. प्लास्टिकची जरी काळी पडत नाही, ती सोलते.

*सावधान:* काळ्या जरीवर लिंबू, चिंच, टूथपेस्ट, चांदीचं पॉलिश, रांगोळी यांतलं काहीही लावू नका. वरचा सोन्याचा थर इतका पातळ असतो की काळेपणाबरोबर तोही निघून जातो आणि आम्ल खालच्या रेशमात शिरतं. काळसर जरी तशीच राहू द्यावी, या मतावर मी ठाम आहे. संध्याकाळच्या उजेडात तिचा रंग नव्या पिवळ्या जरीपेक्षा मला जास्त खोल वाटतो.

पाहणी झाली की साड्या 3 ठिकाणी ठेवा: धड, दुरुस्तीच्या, आणि नेसायच्या नाहीत अशा. दारावर जुनी जरी विकत घेणारे येतात, त्यांना या तिसऱ्या गठ्ठ्यातलीही साडी घाईने देऊ नका. ते वजनावर भाव करतात आणि साडी जाळून चांदी काढतात.

टप्पा 4: रंग जातो का?

ओल्या पांढऱ्या चिंधीने प्रत्येक रंगावर वेगवेगळं, पूर्ण एक मिनिट दाबून धरा. अंग, दोन्ही काठ, पदराचा प्रत्येक पट्टा, काठातली बारीक रेघसुद्धा. चिंधीवर रंगाची पुसटशी छटा आली तरी ती साडी घरी पाण्यात घालायची नाही.

मी आईच्या जांभळ्या इरकलीवर ही परीक्षा केली होती, पण फक्त अंगावर. जांभळा रंग पक्का निघाला, मी साडी बादलीत घातली आणि पदराचा लाल रंग 10 मिनिटांत निऱ्यांपर्यंत पोहोचला. आज ते गुलाबी ढग त्या साडीवर आहेत आणि मी ती तशीच नेसते. तेव्हापासून एका साडीला 5-6 चिंध्या लागल्या तरी लावते.

मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. आधीच रंगवलेल्या जुन्या कापडाचा सुटणारा रंग त्याने पक्का होत नाही. त्या भरवशावर साडी भिजवू नका.

टप्पा 5: स्वच्छता

*सुती, रंग पक्का, कापड धड.* ही एकच जात निर्धास्तपणे घरी धुवावी. 10-12 रिठ्यांच्या बिया काढून टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कोमट करून कुस्करा आणि फडक्यातून दोनदा गाळा. हे पाणी अर्धी बादली साध्या पाण्यात मिसळा. साडी उशीसारखी सैल घडी करून बुडवा आणि 5-7 मिनिटं तळहाताने फक्त दाबत राहा. घासणं, आपटणं, ब्रश काहीही नको. फेस जाईपर्यंत 3-4 पाण्यांतून काढा. पिळू नका. टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळा, दाबा आणि सावलीत वाळवा. रिठ्याचं पाणी तपकिरी असतं, त्यामुळे पांढऱ्या किंवा मोतिया रंगाच्या साडीला त्याची झाक येऊ शकते. तिथे सौम्य द्रव साबण बरा.

जुनी खळ या धुण्यात निघून जाईल आणि ती निघालीच पाहिजे. खळ असलेल्या सुती साडीला कीड लवकर लागते. नेसायच्या दिवशी हवी तर नवी खळ द्या, ठेवणीतल्या साडीला नको.

*रेशीम, धड.* घरी धुवायच्या भानगडीत पडू नका. खात्रीच्या ड्रायक्लीनरकडे स्वतः जा आणि देतानाच 3 गोष्टी सांगा: रोलिंग किंवा पॉलिश करायचं नाही, खळ द्यायची नाही, डागावर रसायन लावण्याआधी विचारायचं. पावतीवर तसं लिहून घ्या. माझ्या मावशीची नारायणपेठी एका दुकानात न सांगता रोलिंगला गेली. गरम रुळांमधून ती कडक, चकचकीत होऊन आली आणि पहिल्याच हळदीकुंकवाला बसताना गुडघ्यावर उकलली. तोंडी सांगितलेलं आतल्या कामगारापर्यंत पोहोचत नाही, लिहिलेलं पोहोचतं.

*रेशीम, विरलेलं.* पाणीही नको आणि ड्रायक्लीनही नको. मशीनच्या फिरत्या पिंपात ती टिकणार नाही. साडीवर मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा पसरा आणि वरून व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात कमी ओढीवर, टेकवू न देता फिरवा. आत साठलेली धूळ निघते. धुळीचे कण धारदार असतात आणि घडीत धागा कापत राहतात, त्यामुळे एवढ्यानेही साडीचं आयुष्य वाढतं.

*कधीच नको:* वॉशिंग पावडर (तिच्यातली डाग पचवणारी विकरं रेशमालाही पचवतात, कारण रेशीम हे प्रथिनच आहे), ब्लीच (रेशीम त्यात अक्षरशः विरघळतं) आणि हळदीच्या डागावर साबण. साबण लागताच हळद लाल होते आणि माणूस घाबरून आणखी घासतो.

इस्त्री उलट्या बाजूने, मधे मलमलचा कपडा घालून, कमी उष्णतेवर. रेशमावर पाणी शिंपडू नका, थेंबांच्या कडा तशाच उमटून राहतात. जुन्या घडीची रेघ मोडण्यासाठी जोर देऊ नका. ती पूर्ण जाणार नाही, आणि जावी असा हट्ट धरू नये.

टप्पा 6: दुरुस्ती

स्वच्छता झाल्यावरच सुई घ्या. मळक्या कापडावर घातलेला टाका धुण्यात आखडतो.

छोटं भोक, नाण्याएवढं, रफूने भागतं. धागा त्याच साडीच्या आतल्या टोकातून काढा, त्यामुळे रंग आणि जाडी दोन्ही जुळतात. पॉलिस्टरचा दोरा वापरू नका. तो जुन्या रेशमापेक्षा बळकट असतो आणि ताण आला की दोरा शाबूत राहून साडी कापली जाते.

घडीवरची लांब चीर रफूने जोडायला जाऊ नका. दोन्ही कडा विरलेल्याच असतात, टाका धरायला तिथे जागाच नसते. अशा चिरेला मागून आधार द्यायचा. सुती साडीला जुन्या मलमलचा, रेशमाला पातळ रेशमी अस्तराचा. आधाराचा तुकडा चिरेच्या चारी बाजूंना 2-2 इंच जास्त घ्या, आधी भिजवून आटवून घ्या, साडीचा ताणा आणि तुकड्याचा ताणा एकाच दिशेला ठेवा. धडधाकट कापडावर बारीक धावदोरा घाला, सैलसर. मग चिरेच्या कडा त्या आधारावर एकमेकींजवळ आणून एकेका टाक्याने अडकवा, आवळू नका.

पूर्ण पदरामागे नायलॉनची जाळी लावून देणारी दुकानं आहेत. दुकानदार ती पटकन सुचवतो. पदर तात्पुरता टिकतो, पण जाळी आणि रेशीम वेगवेगळं आटतं आणि काही दिवसांत फुगे येतात. पदर जागोजाग विरला असेल तरच जाळीचा विचार करा.

*सावधान:* इस्त्रीने चिकटणारं पेस्टिंग आणि फॅब्रिक ग्लू हे दोन्ही कधीही नको. बाकी सगळ्या चुका उसवता येतात, ही उसवत नाही.

*तपासा:* दुरुस्तीची जागा पुन्हा उजेडात धरा. आधाराच्या कडेला नवी जाळी पडत असेल तर टाके आवळले आहेत. उसवा आणि पुन्हा घाला.

टप्पा 7: फॉल, पन्हा, ब्लाउज

फॉल सुती, आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवलेला, आणि हातशिलाईचाच. जुना फॉल असेल तर तो आधी काढा. बहुतेक वेळा साडी शाबूत असते आणि आटलेला फॉल तिला ओढत असतो. मशीनचं बिडिंग विरलेल्या कडेवर करवतीसारखं चालतं. तिथे हाताने बारीक दुमड घाला.

जुन्या साड्यांचा पन्हा मोजून पाहा. आईची उंची आणि तुमची उंची यांत फरक असला तर साडी घोट्याच्या वर राहते आणि मग ती खाली ओढून, कमरेला जेमतेम खोचून नेसली जाते. यावर सोपा उपाय आहे. वरच्या काठाला, आतल्या टोकापासून साधारण 3 मीटरपर्यंत, 4 इंच रुंद सुती पट्टी सैल धावदोऱ्याने जोडा. पट्टी खोचली जाते, दिसत नाही, नाडीचा सगळा ताण तिच्यावर येतो आणि साडी पूर्ण उंचीची मिळते. पदराकडे ही पट्टी न्यायची नाही.

नऊवारी पाचवारीसारखी नेसायची असेल तर कापू नका. आतल्या टोकाने कमरेभोवती 2 जास्तीचे वेढे घ्या, मग नेहमीच्या निऱ्या. उकाड्यात थोडं जड वाटतं, पण साडी अखंड राहते. आजीची नऊवारी कापून शिवलेली नऊवारी करून घेणं सध्या फार चाललं आहे. माझी कळकळीची विनंती आहे की शिवलेली हवी तर नवं कापड घ्या. शिवणीत जुन्या रेशमावर नेमका मांड्यांच्या आणि बसण्याच्या जागी ताण येतो, आणि एकदा कापलेलं लुगडं परत लुगडं होत नाही.

ब्लाउजसाठी जुन्या साडीतून तुकडा काढू नका. खणाचा किंवा साध्या सुती कापडाचा वेगळा ब्लाउज शिवा. आजीचा जुना ब्लाउजच घालायचा असेल तर आधी बाजूच्या शिवणी आतून पाहा. पूर्वीचे शिंपी इंच-दीड इंच माया सोडत. ती उसवली तर ब्लाउज एक-दोन मापं मोठा होतो. मात्र मायेचा आत राहिलेला रंग गडद निघेल, तो फरक मान्य असेल तरच उसवा. काखेत सुती पॅड लावा. घामाने रेशीम फार लवकर कुजतं.

टप्पा 8: आधी घरात, मग बाहेर

पहिल्यांदा घरी 2 तास नेसा. सुती परकर घ्या, सॅटिनचा नको. सॅटिनवरून साडी घसरते आणि आपण ती ओढत राहतो. आधी खुर्चीवर बसा, मग जमिनीवर मांडी घाला, वाका, जिना चढा. बसण्याआधी निऱ्या किंचित वर उचलायच्या, म्हणजे गुडघ्यावर आणि मागे ताण येत नाही. जुन्या बायका हे न सांगता करत.

*तपासा:* साडी काढल्यावर पुन्हा उजेडात धरा. गुडघा, नितंब, खांदा. नवी जाळी दिसली नाही तरच पुढे.

बाहेरची सुरुवात सुती साडीने करा. ऑफिसला, बाजारात, शाळेच्या सभेला धुतलेली इरकली किंवा सुती लुगडं खुशाल नेसा. ती वापरानेच मऊ होत जाते. गोव्याकडची लाल चौकड्यांची कुणबी साडीही यातच येते. सत्तरच्या दशकातल्या नायलॉन-जॉर्जेट साड्यांना तर यातलं फारसं काही लागत नाही. धुवा, गरम इस्त्रीपासून दूर ठेवा आणि रोज नेसा. दुरुस्त केलेली पैठणी मात्र बसून करायच्या कार्यक्रमालाच, गर्दीच्या लोकलमध्ये नाही.

पदराला पिन लावायचीच असेल तर मागे मलमलचा दुहेरी चौकोन धरा आणि पिन दोन धाग्यांच्या मधून घाला, जरीतून नाही. अत्तर, पावडर, केसांचं तेल सगळं साडीआधी, आणि वाळू द्यायचं. गजरा झटकून माळा, ओल्या मोगऱ्याचा तपकिरी डाग पाठीवर पडतो आणि दुसऱ्या दिवशीच दिसतो. हळदीकुंकवाला मांडीवर रुमाल ठेवा. तोडे, कंगन, कडा असलेलं घड्याळ ज्या हाताने पदर सावरता त्या हातात घालू नका.

टप्पा 9: जी नेसता येत नाही ती

सुती लुगड्यांची गोधडी करा, पण तीही धुऊन, वाळवून, विरलेले भाग कापून टाकूनच. आतल्या थरांना जुनी लुगडी, वर-खाली त्यातली धड. आधी लांब कच्चे टाके घालून थर बसवा, मग कडेपासून आत धावदोरा. विरलेलं रेशीम गोधडीत घालू नका, वर्षाच्या आत त्याची भुकटी होते.

रेशमी साडीचा काठ धड आणि अंग गेलेलं असेल तर काठ वेगळा करून परकर-पोलक्याला, कुंचीला, देवघराच्या पडद्याला लावता येतो. पदर धड असेल तर तो सपाट ठेवून काचेच्या चौकटीत, काचेला न टेकवता आणि खिडकीसमोर नसलेल्या भिंतीवर लावा. पडदे आणि उशांचे अभ्रे यांसाठी मी रेशीम देत नाही. उन्हाने आणि घासण्याने ते तिथे फार लवकर संपतं.

टप्पा 10: परत ठेवताना

नेसलेली साडी लगेच कपाटात नको. रात्रभर पंख्याखाली घामाची ओल जाऊ द्या.

गुंडाळायला जुनं, धुतलेलं, खळ नसलेलं धोतर किंवा मलमल. प्लास्टिक पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी येते, कोकण-मुंबईकडे तर एका पावसाळ्यात. वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल कापड पिवळं करतं. जरीच्या साडीजवळ रबरबँड, लोकरी कपडे, अगरबत्तीची पाकिटं ठेवू नका. रबर आणि लोकर यांच्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. लोखंडी ट्रंक वापरत असाल तर आत सुती कापडाचं जाड अस्तर घाला. जड साडी हँगरवर टांगू नका. घडी घालताना प्रत्येक वळणात मलमलची बारीक गुंडाळी ठेवा, म्हणजे धागा काटकोनात मोडत नाही. पैठणीचा पदर आत घेऊ नका, सैल बाहेरून येऊ द्या.

डांबरगोळ्यांऐवजी वेखंड, लवंग, वाळा यांची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, साडीला न टेकवता. कसर लागलेली असेल तर ती यांनी मरत नाही, त्याला फ्रीझरच.

पावसाळा सोडून दर 3-4 महिन्यांनी घडी बदला, आधीच्या रेघेपासून 2 बोटं सरकवून. पावसाळ्यात पेटी उघडू नका. मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबर कोरडा झाला की एकदा, सावलीत वारा द्या.

शेवटी प्रत्येक गुंडाळीला सुती फितीचा तुकडा बांधा आणि त्यावर पेन्सिलीने लिहा, शाई पाझरते. साडी कोणती, कोणाची, काय करायचं नाही, कुठे दुरुस्ती आहे. माझ्या पेटीतल्या एका फितीवर असं आहे: इरकली, जांभळी. आईची. पदराचा लाल रंग जातो, पाण्यात घालू नये. डाव्या काठाला आतून मलमल. घडी बदलली, फेब्रुवारी.